पाण्यात पाहिलेला भाऊ

रागावलेला माणूस काढायची वेळ पेंटरवर कधी आलीच नव्हती. बोर्ड रंगवून पोट भरणाऱ्याकडे राग मागतो कोण? साबणवाल्याला हसरी बाई हवी, दातांच्या डॉक्टरला हसरा पोरगा हवा, आणि निवडणुकीला उभ्या राहिलेल्याला तर या कानापासून त्या कानापर्यंत हसू हवं, मग घरी तो कितीका खेकसेना. उभ्या हयातीत पेंटरने गावभर हसूच लावून ठेवलं होतं. त्याच्या हातचं हसू लगेच ओळखू येई. ओठांचा डावा कोपरा आधी वर जायचा, उजवा मागाहून, आणि वरच्या दातांतला एक सुळा शेजारच्या दाताच्या खांद्यावर जरासा रेललेला असायचा. दातांच्या डॉक्टरने त्यावरून भांडण काढलं होतं.

"अहो, माझ्याच बोर्डावर वाकडा दात?"

पेंटरने खजील होऊन तो दात सरळ करायला घेतला आणि पुन्हा हुबेहूब तसाच काढून ठेवला. शेवटी डॉक्टरच कंटाळला. "राहू दे," म्हणाला, "खाली 'उपचारापूर्वी' असं लिही."

पुढे फ्लेक्स आले आणि बोर्डांचं काम आटलं. पेंटरने बंदराच्या कडेला पत्र्याची शेड घेतली आणि बोटींवर नावं घालायला सुरुवात केली. बोटीचा रंग पाण्यात टिकावा लागतो. त्याचा टिकायचा. एवढ्या एका गोष्टीवरून त्याला एक दिवस टाकीवरून बोलावणं आलं.

टाकी म्हणजे बंदरामागच्या उंच भिंतीआड असलेलं सरकारी केंद्र. त्याचं खरं नाव कुणाला सांगायची मनाई होती, म्हणून सगळं गाव त्याला टाकी म्हणे. आत खरोखरच एक मोठी टाकी होती: सिमेंटची, दोन मजले खोल, पाण्याने काठोकाठ भरलेली, आणि एका बाजूला जाड काचेची खिडकी असलेली. आत काय चालतं ते फाटकावरच्या शिपायापासून मासळीवालीपर्यंत सगळ्यांना ठाऊक होतं. पहिल्या दिवशी शिपायाने पेंटरला विचारलं, "आत कशाचं काम चालतं?"

"पाण्यातल्या बंदुकांचं," पेंटर सरळपणे म्हणाला.

"घरी जा."

दुसऱ्या दिवशीही तोच प्रश्न, तेच उत्तर, तीच वाट. तिसऱ्या दिवशी बायकोने अक्कल दिली. "अहो, माहीत नाही म्हणा की!" पेंटर म्हणाला, "माहीत नाही." शिपायाने सलाम ठोकून फाटक उघडलं.

आतलं मुख्य माणूस म्हणजे बंदुकीची इंजिनीयर. तरुण मुलगी, केस कायम ओले, बोलणं भरभर. सगळे तिला बंदूकबाई म्हणत आणि तिला ते आवडत असावं. तिने पेंटरला चार नळ्यांचं एक जाडजूड पिस्तूल दाखवलं.

"काका, साधी गोळी पाण्यात मारली ना, तर चार पावलांतच तिचा जीव जातो. पाणी तिला पुढे जाऊच देत नाही. म्हणून ही बघा." तिने त्याच्या तळहातावर वीतभर लांबीचा पोलादी खिळा ठेवला. "ही आमची गोळी. सुईसारखी सरळ घुसते. आमचे पाणबुडे खाली उतरणार आणि शत्रूचा पाणबुड्या समोर आला की हिने टिपणार."

"आणि मी काय करायचं?"

"तुम्ही शत्रू काढायचा."

आधी त्यांच्याकडे निशाण्याला पत्र्यावरची गोल वर्तुळं होती. पण वरच्या समितीने विचारलं होतं की आपल्या सैन्याचं वर्तुळांशी वैर आहे का? म्हणून आता माणसाच्या आकाराचा पत्रा, त्यावर माणसाचं चित्र, पायाला वजन, आणि हा माणूस टाकीच्या तळाशी उभा करायचा.

पेंटरने पहिला शत्रू मन लावून काढला. काळा रबरी पोशाख, पायांत बदकासारखे पंजे, डोळ्यांवर काचेचा मास्क. फक्त तोंडातली श्वासाची नळी त्याने काढली नाही. बंदूकबाई म्हणाली, "काका, नळी नसेल तर हा बुडून मरेल."

"पत्र्याचा आहे बाई. आणि तोंडात नळी कोंबली तर माणूस कोण ते कसं कळणार?"

"कोण ते कळायला कशाला हवं?"

पेंटरने ब्रश उचलून नळी काढायला घेतली. पण तोंड झाकायला त्याचा हात तयार होईना. मोकळं तोंड म्हटलं की पुढचं ओघानेच आलं. डावा कोपरा वर गेला, मागून उजवा गेला, सुळा शेजाऱ्यावर रेलला. शत्रू मनापासून हसत टाकीत उतरला.

त्यानंतर बंदुकीला काय झालं कुणास ठाऊक. वर्तुळांवर बरी चालणारी ती बंदूक आता काही केल्या लागेना. एक खिळा डावीकडे, एक तळाला, एक तर कुठे गेला तो सापडलाच नाही. बंदूकबाईने नळ्या काढून पुन्हा घासल्या, खिळ्यांची शेपटं बदलली, पाण्यात मीठ घालून बघितलं, मीठ काढून बघितलं. तिच्या डोळ्यांखाली काळं आलं. बरं, पाणबुड्यांना विचारावं तर ते वर येऊन नुसते खोकत. सगळ्यांच्या नाकातोंडात पाणी.

अखेर पाणबुड्यांतला म्होरक्या बोलला. हा चाळिशीतला, मंद चालीचा, मान आखूड असलेला गडी. त्याला कासव म्हणत. टॉवेलने कान पुसत तो म्हणाला, "बाई, बंदुकीत काही खोट नाही. तो हसतो."

"कोण हसतो?"

"शत्रू. आणि तो हसला की आपल्यालाही हसू येतं. हसलं की गाल वर जातात, गाल वर गेले की मास्कचं रबर सुटतं, आणि पाणी थेट नाकात."

"मग हसू नका ना!"

"तुम्ही उतरून बघा," कासव म्हणाला.

बंदूकबाई हट्टाची. पोशाख चढवून उतरली. थोड्याच वेळात ती वर आली, काठाला धरून खोकली, शिंकली, आणि तिने मास्क काढून त्यातलं पाणी ओतलं. मग म्हणाली, "किती चांगला माणूस आहे तो."

मोठे साहेब म्हणजे टाकीचे प्रमुख. त्यांनी बैठक घेतली. दोन तास हसू या विषयावर गंभीर चर्चा झाली, आणि शत्रूला राग आलेला असावा असा ठराव झाला.

इथून पेंटरची फजिती सुरू झाली. राग त्याच्या हातात नव्हताच. त्याने भुवया जवळ आणल्या तर शत्रू शिंकायच्या बेतात दिसू लागला. ओठ खाली ओढले तर दाढ दुखतेय असं वाटे. डोळे मोठे केले तर घराची किल्ली आतच राहिल्याचं नुकतंच आठवलेल्या माणसासारखा चेहरा झाला. बायको कपडे वाळत घालता घालता बघून म्हणाली, "याला कुणीतरी पाणी द्या हो."

"तू जरा रागव ना माझ्यावर," पेंटर काकुळतीने म्हणाला. "समोर उभी राहा आणि रागव."

ती कंबरेवर हात ठेवून उभी राहिली आणि खुदकन हसली. "असा सांगून येतो का राग? रविवारी भावजींकडे जाणारच आहात, तिथे बघून घ्या. फुकट मिळतो."

भावजी म्हणजे पेंटरचा थोरला भाऊ. बारा वर्षांनी मोठा, गावच्या शाळेत गणिताचा मास्तर, आता निवृत्त. वडील गेले तेव्हा पेंटर जेमतेम चालायला लागला होता आणि दादाला मिसरूड फुटत होतं. आई आणि धाकटा, दोघांना दादानेच सांभाळलं. पुढे पेंटर त्याच्याच वर्गात जाऊन बसला आणि तिथे गोंधळ झाला. शाळेत 'सर, तुम्ही' आणि घरी 'दादा, तू'. एकदा वर्गात 'तू' निसटलं तेव्हा अंगठे धरून उभं राहावं लागलं. त्याच संध्याकाळी घरी भीतीने 'तुम्ही' निसटलं तर दादा म्हणाला, "परका झालो का रे मी?" तेव्हापासून पेंटरने थोरल्या भावाशी बोलताना तू आणि तुम्ही दोन्ही सोडून दिलं. "चहा घ्यायचा का?" "बाहेर बसायचं का?" "औषध घेतलं गेलं ना?" अशी वाक्यं तो जुळवी. बोलायला शब्द कमी पडत, म्हणून बोलणंही कमी झालं.

आणखी एक अढी होती. दादाने त्याच्यासाठी कारकुनाची नोकरी बघून ठेवली होती आणि पेंटरने ब्रश उचलला होता. त्या दिवसापासून दादाने भावाचा एकही बोर्ड मान वर करून पाहिला नाही. रस्त्यात बोर्ड आला की तो स्वतःच्या चपलांकडे बघत पुढे जाई.

त्या रविवारी पेंटर पोचला तेव्हा प्लंबर नळ दुरुस्त करून नुकताच गेला होता आणि नळ गळतच होता. दादा मोरीच्या दारात उभा राहून नळाकडे बघत होता. शब्द नाही, हालचाल नाही, नुसतं बघणं. दोन भुवयांच्या मधोमध एक उभी आठी, ओठ रेघ मारल्यासारखे. पेंटरच्या डोळ्यांदेखत नळ गळायचा थांबला.

वहिनी चहा घेऊन आल्या तर पेंटर चपला घालून निघालेला. "अहो, चहा?" "आलोच," म्हणत तो जो सुटला तो शेडवर. चेहरा डोळ्यांत होता तोवर पत्र्यावर उतरवला. काढून झाल्यावर त्याला स्वतःच्याच चित्रासमोर उभं राहवेना. तो बाहेर जाऊन बसला.

एखाद्याला पाण्यात पाहणं म्हणजे काय ते सगळ्यांना माहीत असतं. पण सख्ख्या भावाला रबरी पोशाख घालून, पायाला वजन बांधून, खरोखरच पाण्यात पाहायची वेळ पेंटरवर आली. क्रेनने पत्रा खाली गेला तेव्हा त्याने डोळे मिटून घेतले.

पाणबुडे उतरले आणि लगेच वर आले. या वेळी कुणी खोकत नव्हतं. कासवाचा चेहरा पांढराफटक.

"बाई, खाली सर आहेत."

"कोण सर?"

"गणिताचे सर. मी काय मारणार त्यांना? माझा हातच उचलत नाही."

टाकीवरच्या पाणबुड्यांपैकी एकूण एक जण त्याच शाळेतून आला होता. बंदूकबाई बाहेरगावची, तिला काही कळेना. ती मोठ्या साहेबांना बोलवून आली. साहेब तावातावाने आले, खिडकीपाशी वाकले, आत पाहिलं, आणि त्यांनी शर्टाचं वरचं बटण लावलं. मग हळू आवाजात पेंटरला म्हणाले, "हे तुझ्या दादांना माहीत आहे?"

"नाही साहेब."

"कळता कामा नये. अत्यंत गुप्त ठेवा."

साहेबांनीच गुप्त ठेवा म्हटल्यावर संध्याकाळपर्यंत मासळीवालीला कळलं आणि दिवेलागणीला दादा पेंटरच्या दारात उभा. कित्येक वर्षांत तो या घरी आला नव्हता. पेंटरची बायको आत पळाली आणि दाराआडून ऐकू लागली. पेंटर उभा राहिला, बसला, पुन्हा उभा राहिला.

"मला पाण्यात बुडवलंयस म्हणे," दादा म्हणाला.

"चेहरा हवा होता त्यांना. रागीट." पेंटर विजारीवरचा रंग नखाने खरवडू लागला. "माझ्या डोक्यात दुसरा कुणाचा आलाच नाही."

"गोळ्या घालतात?"

"खिळे. एवढे लांब."

"किती लागले?"

"एकही नाही."

दादा खुर्चीत बसला. पेंटर माफीचे शब्द जुळवत होता. पण दादाच्या कपाळावर वेगळीच आठी उमटली.

"एकही नाही? एवढी मोठी खिडकी, एवढा उजेड, निशाणा जागचा हलत नाही, आणि एकही नाही? आहेत कोण हे नेमबाज?"

"सगळे आपल्याच शाळेतले. तो कासव..."

"कासव!" दादा ताडकन उठला. "त्याला समोर ठेवलेलं पुस्तकसुद्धा दिसायचं नाही. उद्या मी येतो."

मोठ्या साहेबांचं धाबं दणाणलं. गुप्त ठिकाणी बाहेरच्या माणसाला सोडायचं कसं? पण फाटकावर येऊन सरच उभे राहिल्यावर नाही कोण म्हणणार? शिपायाने विचारलं, "आत कशाचं काम चालतं?" दादा म्हणाला, "ते तू मला विचारायचं नाहीस." फाटक उघडलं.

दादा खिडकीसमोर उभा राहिला. आत हिरवट पाण्यात तोच, पत्र्याचा, वजनावर उभा. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. पाणबुडे उतरले, त्यांना तळाशी एक सर दिसले आणि काचेमागे दुसरे, आणि त्यांची दाणादाण उडाली. एक जण टाकीच्या कोपऱ्यात तोंड करून उभा राहिला. सगळ्यांत धाकट्याने पाण्यातच हात वर केला, वर जाऊ का म्हणून.

दादाने काचेवर बोटाच्या पेराने टकटक केलं. सगळे ताठ. मग त्याने कासवाकडे बोट दाखवलं, आणि तेच बोट स्वतःच्या दोन भुवयांच्या मधोमध ठेवलं. इथे.

कासवाने मान डोलावली, पिस्तूल उचललं, आणि पाण्यात बारीक टक् असा आवाज झाला. खिळा बरोब्बर आठीत. दादाने पुढच्याला खूण केली. उजवा खांदा. टक्. डावा गुडघा. टक्. सांगितलेलं ऐकायची सवय अंगात इतकी भिनलेली की हात कापायचंसुद्धा विसरले. बंदूकबाईने आनंदाने पेंटरला मिठी मारली. पेंटरला मात्र प्रत्येक टक् सरशी आपलाच खांदा, आपलाच गुडघा दुखल्यासारखं झालं.

दुसऱ्या दिवशी दादा आला नाही आणि एकही खिळा लागला नाही. तिसऱ्या दिवशी आला, सगळे लागले. बंदूकबाईने डोक्याला हात लावला. "बंदूक उत्तम चालते, फक्त सर हजर पाहिजेत," असं तिने साहेबांना सांगितलं. साहेब गंभीरपणे म्हणाले, "युद्धात त्यांना पाठवता येईल का?" कुणी हसलं नाही, कारण साहेबांनी खरोखरच विचारलं होतं.

अशा रीतीने सत्तरीकडे झुकलेला दादा रोज टाकीवर जाऊ लागला. जाताना पेंटरच्या सायकलवर मागे बसायचा आणि वळणावर कसं वळायचं ते सांगायचा. पत्रे आता भराभर भोकं पडून निकामी होत, नवे काढावे लागत. दादाने पहिला पत्रा जवळून पाहिला आणि म्हणाला, "नाक चुकलंय. आठवणीतून काढलं की असंच होणार. समोर बसवून काढ." आणि संध्याकाळी शेडमध्ये येऊन खुर्चीवर बसला.

दोघं भाऊ एवढा वेळ समोरासमोर कधी बसले नव्हते. पेंटर पत्र्यावर बघे, दादाकडे बघे. दादा मात्र स्वस्थ बसेना. डबे नीट लाव, तो ब्रश सरळ ठेव, ती शिडी पडेल. पेंटर रेघेच्या ऐन मोक्यावर होता आणि त्याच्या तोंडून निघून गेलं, "दादा, तू जरा गप्प बस ना!"

पेंटरचा ब्रश हवेतच. दादाने हनुवटी वर केली, तोंड मिटलं आणि अगदी पुतळ्यासारखा बसला. त्यानंतर पेंटर तू म्हणत राहिला. दादाने काही विचारलं नाही.

एका संध्याकाळी ओला पत्रा बाजूला टेकवताना कोपऱ्यातलं पोतं सरकलं. मागे तो पहिला, हसरा शत्रू उभा होता. टाकीवरून बाद होऊन परत आलेला. दादाची नजर त्यावर गेली. बोर्ड दिसला की चपलांकडे बघायचं हे तो त्या क्षणी विसरला. उठला, जवळ गेला. चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

"हा कोण?"

"तो? कोणी नाही. असाच. हाताला येतो तो."

"कधीपासून?"

"पहिल्या बोर्डापासून. साबण, डॉक्टर, उमेदवार... सगळे हेच. मला दुसरं हसू येतच नाही."

दादाने बोट पुढे केलं आणि त्या रेललेल्या सुळ्यावर ठेवलं.

"बाबा आहेत हे."

पेंटरला आधी कळलंच नाही. घरात बाबांचा एकच फोटो होता. त्यात फोटोग्राफरने हलू नका सांगितल्यामुळे ते ओठ घट्ट मिटून बसलेले. हसताना त्यांना पाहिल्याचं पेंटरला आठवत नव्हतं. आठवावं एवढं त्याचं वयच नव्हतं.

"तुला उचलून घ्यायचे तेव्हा असे हसायचे," दादा म्हणाला. "डावीकडून सुरुवात. तू त्या दाताला बोट लावायचास."

पेंटर रंगाच्या डब्यावर बसला. डब्याचं झाकण उघडं होतं. विजारीला कायमचा निळा डाग पडला, पण ते त्याला घरी गेल्यावर बायकोने सांगितलं.

दुसऱ्या दिवसापासून दादा गावात मान वर करून फिरू लागला. बोर्ड आता थोडेच उरले होते. बाकी ठिकाणी फ्लेक्स. जुन्या गिरणीच्या भिंतीवर साबणाची बाई सापडली, दातांच्या डॉक्टरच्या मागच्या जिन्यात तो 'उपचारापूर्वी'चा पोरगा सापडला. वर बघून चालायची सवय नसल्याने दादा दोनदा सायकलला धडकला आणि एकदा गटारात पाय घालून घरी आला. वहिनी पेंटरला म्हणाल्या, "भावजी, काय केलंत हो तुम्ही यांना? काल स्वयंपाकघरात येऊन शीळ घालत होते."

मग समिती आली. यायची होती बुधवारी, आली मंगळवारी. नेमका दादाचा नवा पत्रा त्या दिवशी ओला. ओला रंग पाण्यात घालता येत नाही. जुन्या पत्र्यांची चाळण झालेली. बंदूकबाईची धावपळ उडाली. तिने गाडी पाठवून शेडमधून मिळेल तो कोरडा पत्रा उचलून आणायला सांगितला. पेंटर आणि दादा टाकीवर पोचून खिडकीशी उभे राहिले, समितीचे तिघे खुर्च्यांवर बसले, क्रेन घरघरली आणि पाण्यात उतरले ते बाबा.

हसत हसत तळाला टेकले. पाण्याच्या हलण्याने डावा कोपरा आणखीच वर गेल्यासारखा दिसला. पेंटरने दादाचा हात धरला. कधी धरला ते त्यालाही कळलं नाही.

पाणबुडे उतरले. या वेळी त्यांनी निश्चय केला होता. शत्रूकडे न बघता फक्त काचेकडे बघायचं, सर सांगतील तिथे मारायचं. कासवाने पिस्तूल उचललं आणि खुणेसाठी खिडकीकडे पाहिलं. सगळ्यांनीच पाहिलं.

दादाने मान हलवली. नाही.

कासव थांबला. समितीचे अध्यक्ष म्हणाले, "हं, चालू द्या."

दादाने पुन्हा मान हलवली. पिस्तुलं खाली झाली. पाण्यात चार पाणबुडे हाताची घडी घालून एका ओळीत उभे राहिले आणि त्यांच्या समोर पत्र्याचा माणूस हसत राहिला. वेळ जात होता. कुणाच्या तरी मास्कमधून बुडबुडे येऊ लागले. त्याला हसू आवरत नव्हतं.

"का मारत नाहीत?" अध्यक्षांनी विचारलं.

मोठे साहेब उभे राहिले. त्यांना घाम फुटला होता. "सर नको म्हणतायत."

"कोण सर?"

मोठ्या साहेबांनी दादाकडे बोट दाखवलं. अध्यक्षांनी दादाकडे पाहिलं. दादाने अध्यक्षांकडे पाहिलं, त्या नळाकडे पाहिलं होतं तसं. अध्यक्षांनी चष्मा सारखा केला, घसा साफ केला आणि ते पुन्हा टाकीत बघू लागले. बऱ्याच वेळाने ते शेजारच्या सदस्याला म्हणाले, "शिस्त मात्र वाखाणण्यासारखी आहे हं."

बंदूकबाई भिंतीला टेकून रडत होती. वर्षाची मेहनत पाण्यात गेली असं तिला वाटलं. पण पुढे समितीचं म्हणणं आलं ते असं: हत्यार पूर्ण सुरक्षित आहे, चाचणीत कुणालाही यत्किंचितही इजा झाली नाही, आदेशाशिवाय एकही खिळा सुटला नाही, सबब मंजूर. बंदूकबाईने ते पुन्हा पुन्हा वाचलं आणि पेंटरला विचारलं, "काका, मी आनंद मानू की राजीनामा देऊ?"

"आधी चहा घ्या," पेंटर म्हणाला.

तिने आनंद मानला. तिची बदली लांबच्या खोल समुद्रावर झाली. तिथे पत्र्याऐवजी दिव्यांचे निशाणे होते, आणि दिवे ना हसत ना रागावत. पाणबुडेही तिच्याबरोबर गेले. निघण्याआधी कासव दादाच्या पाया पडायला आला, तर दादाने त्याला बसवून घेतलं आणि तीनच्या पाढ्यापासून सगळे पाढे म्हणायला लावले. टाकीतलं पाणी काढून टाकलं. आता तिथे सरकारी खुर्च्या ठेवतात, दोन मजले खोल. खुर्ची हवी असली की क्रेन लावावी लागते.

हसरा पत्रा भावांनी हक्काने मागून आणला. तो दादाच्या घरी बाहेरच्या खोलीत उभा असतो. पाहुणे विचारतात, हे कोण? दादा सांगतो, वडील. पाहुणे रबरी पोशाखाकडे आणि बदकाच्या पायांकडे बघतात, आणि पुढे विचारायचं टाळतात.

आणि दादाला रोज घराबाहेर पडायची सवय लागली ती लागली. सकाळी जेवून तो शेडवर येतो, खुर्ची बाहेर ओढतो आणि पेंटर नावं घालत असताना मागून देखरेख करतो. त्याने गिऱ्हाइकं तुटतील अशी बायकोला धास्ती होती, आणि ती अगदीच खोटी नव्हती. परवाच एक तांडेल नवी बोट घेऊन आला. नाव हवं होतं 'जलपरि'. पेंटरने ज, ल, प काढले आणि दादा खुर्चीतून उठला.

"री. दीर्घ."

"नाही सर, ऱ्हस्वच. मला एकाने सांगितलंय, ऱ्हस्व लाभते."

"लाभू दे नाहीतर बुडू दे. परी दीर्घ आहे."

"बोट माझी आहे!"

"बोट तुझी. वेलांटी तुझ्या एकट्याची नाही."

पेंटर ओला ब्रश घेऊन दोघांच्या मध्ये उभा. एकदा इकडे बघे, एकदा तिकडे. "दादा, तू जाऊ दे ना..." दादा जाऊ देईना. तांडेलही हट्टाला पेटला. दुपार झाली, रंग वाळला, भरती आली, आणि तांडेलाने तशीच बोट पाण्यात लोटली. ती आता 'जलप' म्हणून फिरते. मासे बरे लागतात म्हणे.